काल इतकंच

रत्नाकर : नख लावून बघा. तिथे नको, तुटलेल्या कडेला लावा.

राणोजी : लावलें.

रत्नाकर : काय झालं?

राणोजी : रुतलें, साहेब.

रत्नाकर : पाच महिन्यांपूर्वी ओतलेला फायबरग्लासचा पत्रा, आणि त्यात नख रुततंय. आता वास घ्या.

राणोजी : नाकाशीं नेण्याची गरज नाहीं. हा तुकडा आणलांत तेव्हांच आला. कच्च्या रेझिनचा वास आहे.

रत्नाकर : सकाळी मी ॲसिटोनचा बोळा फिरवला याच्यावर. बोट चिकटून बसलं. म्हणजे हा आत कधी धरलाच नाही. वरवर कडक, मध्ये कच्चा. थंडीत राहिला कसाबसा. मे महिन्याचं ऊन लागलं आणि मऊ पडला.

राणोजी : आणि गुरुमूर्तीने त्यावर पाय दिला.

रत्नाकर : हो.

राणोजी : माझा जांवई म्हणून सांगत नाहीं, साहेब. फिटर म्हणून सांगतों. तो डोळे झांकून छपरावर चालणारा माणूस नव्हे. आधीं पाय लावून बघतो, मग भार टाकतो. पण आपला पत्रा म्हटल्यावर बघत नसे.

रत्नाकर : त्याला तशी सवय आपणच लावली. गिऱ्हाईक आलं की दोन लाकडांवर पत्रा ठेवायचा आणि गुरुमूर्तीला वर उभा करायचा. मीच म्हणायचो, सिमेंटचा पत्रा असता तर खाली आला असता, हा बघा.

राणोजी : कॉफीचा टंबलर हातांत घेऊन उभा राही. एक थेंब सांडत नसे.

रत्नाकर : ते कोइमतूरचे शेटजी हसले होते. त्यांनी तिथल्या तिथे ऑर्डर दिली.

राणोजी : सरोजा घरीं रागवायची त्याला. सर्कशींत आहांत कीं कारखान्यांत, म्हणून.

रत्नाकर : राणोजी, उद्या सोमवार. उद्या अकरा वाजता इन्स्पेक्टर इथे गिंडीला येणार. तो विचारणार, पत्रा का तुटला. मला तो यायच्या आत समजायला हवंय. तुम्हाला अडकवायला विचारत नाहीये मी. गुरुमूर्ती पडला त्याला सोळा दिवस झाले, मला झोप नाही. काय चुकलं ते मला कळायला हवं.

राणोजी : विचारा.

रत्नाकर : कोपऱ्यातली तारीख वाचा. तुमच्याच हाताची आहे.

राणोजी : वीस, बारा, सहासष्ट. मार्गळी महिन्याचा पांचवा दिवस. बाहेर पाऊस होता बारीक.

रत्नाकर : त्या दिवसाचे बारा पत्रे. बाराही अंबत्तूरच्या गिऱ्हाइकाच्या शेडवर गेले. बाकीचे अकरा?

राणोजी : परवां मीच जाऊन उतरवले. शिडीवरून. वर पाय दिला नाहीं.

रत्नाकर : तेही असेच?

राणोजी : असकेच्या असके, अकराही. एक वांकवला तर कातड्यासारखा वांकला.

रत्नाकर : एकोणीस तारखेचे बघितले मी. गोदामात तीन आहेत. हातोडा मारला तरी चरा नाही. एकवीसचे चांगले, बावीसचे चांगले. मग वीसला झालं काय? काचेची मॅट तीच, रेझिनचा ड्रम तोच. माणसं तीच. रेझिन कडक करणारं हार्डनर कुणी घातलं?

राणोजी : मीं. हार्डनर दुसऱ्या कोणाला देत नाहीं मी.

रत्नाकर : बादलीला किती?

राणोजी : तुम्हीं सांगितलेंत तितकें.

रत्नाकर : मी होतो कुठे? त्या दिवशी सकाळी वडिलांची तार आली. वडील गेल्याची. मी सेंट्रलला जाऊन मुंबई मेल धरली.

राणोजी : जातांना सांगून गेलांत.

रत्नाकर : हां. टॅक्सी दारात होती. कालइतकंच घाला म्हटलं. एकोणीसला बरोबर जमलं होतं, म्हणून म्हटलं की तेच माप ठेवा.

राणोजी : साहेब, एक करा. त्या दिवशीं जसें म्हणालांत, तसें म्हणा. अर्थ नको, शब्द म्हणा.

रत्नाकर : म्हणजे?

राणोजी : म्हणा तर खरें.

रत्नाकर : कॉम्प्रेसर चालू होता. माझा एक पाय टॅक्सीत. मी ओरडलो, राणोजी, हार्डनर काल, इतकंच. असं काहीतरी.

राणोजी : आणि बोटें अशीं धरलींत. अंगठा आणि तर्जनी. मध्यें थोडी फट.

रत्नाकर : धरली असतील. हात हलतोच माणसाचा बोलताना.

राणोजी : तो मापाचा ग्लास घ्या ना हातांत. तुमच्या मागें आहे, खिडकींत. त्याच्यावर तांबड्या रेघा कोणी मारल्या?

रत्नाकर : तुम्हीच. माणसांना औंसाचे आकडे वाचता येत नाहीत म्हणून.

राणोजी : त्या रेघांचीं नांवें ठावकीं आहेत तुम्हांला?

रत्नाकर : मला कशी असतील? दोन वर्षांत मला वेंडाम आणि पोदुम, नको आणि पुरे, एवढंच तमिळ आलंय.

राणोजी : वरची रेघ ओण्णु. पूर्ण. तिच्याखालीं मुक्काल, म्हणजे पाऊण. मग अरै, अर्धी. आणि अगदीं तळाची, ही.

रत्नाकर : पाव.

राणोजी : तमिळांत पावाला काल म्हणतात, साहेब.

रत्नाकर : काय म्हणतात?

राणोजी : काल.

रत्नाकर : नाही.

राणोजी : तुम्हीं म्हणालांत, हार्डनर काल, इतकेंच. बोटें अशीं केलींत. मीं तळाची रेघ धरली. बाराही पत्र्यांना पाव पाव घातलें.

रत्नाकर : थांबा. थांबा जरा. तुम्ही मराठी आहात. माझ्याशी रोज मराठी बोलता. काल म्हणजे काय हे तुम्हाला सांगावं लागतं?

राणोजी : नाहीं लागत. काल म्हणजे गेला दिवस. आमच्या घरीं तीनशें वर्षें तेंच म्हणतात. तंजावरांत माझी आजी म्हणे, मीही म्हणतों. पण ह्या शेडींत सकाळीं सातापासून काल म्हणजे ही रेघ. काल ऊत्तु, अरै ऊत्तु, म्हणजे पाव ओत, अर्धें ओत, असें दिवसभर मीच ओरडत असतों. तुम्हीं हांक मारलींत तेव्हां ग्लास माझ्या हातांत होता.

रत्नाकर : अहो, पण पाव? पावाने पत्रा धरत नाही हे तुम्हाला कळत नव्हतं?

राणोजी : सतरा तारीख आठवा. बादली तापून धूर निघाला. तुम्हीं मला सर्वांदेखत बोललांत. हार्डनर ओतताय कीं पाणी, म्हणून. मग अठराला कमी केलेंत, एकोणीसला आणखी थोडें कमी. वीसला मला वाटलें, अजून कमी करायचें असेल. इंजिनेर माणूस आहे, पुस्तकांत वाचलें असेल.

रत्नाकर : विचारायचं नाही का?

राणोजी : कोणाला? टॅक्सी गेली.

रत्नाकर : मी परत आल्यावर. तेरा दिवसांनी आलो होतो मी.

राणोजी : तुमचें डोकें भादरलेलें होतें, साहेब. त्या डोक्याकडे बघून मीं हार्डनरचें विचारूं?

रत्नाकर : आणि पत्रे? साच्यातून निघाले कसे?

राणोजी : निघेनात. एक रात्र ठेवले, दुसरी ठेवली. मग बाहेर ऊन पडलें, तें दिलें. तिसऱ्या दिवशीं सुटले. बोटाने वाजवून बघितले, वाजत होते. मला वाटलें, थंडीमुळें उशीर. एकवीसला पुन्हां एकोणीसच्या मापावर गेलों. साहेब नाहींत तोंवर आपलें जुनें माप बरें, असें वाटलें.

रत्नाकर : एक दिवस. फक्त एका दिवसाचे बारा पत्रे.

राणोजी : बारा पुरे झाले.

रत्नाकर : तुम्हाला मी का घेतलं होतं, माहिती आहे? चांगले चांगले मेस्त्री आले होते. एक तर जहाजाच्या होड्या बनवणारा होता. फायबरग्लास त्याला माझ्यापेक्षा जास्त येत होतं. तुम्हाला काहीच येत नव्हतं. तुम्ही दारात येऊन म्हणालात, नमस्कार करतों, मज काम पाहिजे. सहा महिने मी इथे कुणाशी मराठी बोललो नव्हतो. मला रडू यायचं बाकी होतं. म्हटलं, माणूस शिकेल. आपला माणूस आहे.

राणोजी : मीही घरीं जाऊन तेंच सांगितलें. आपला साहेब मिळाला, म्हणून.

रत्नाकर : तो होडीवाला असता तर मी त्याच्याशी काय बोलणार होतो? कागदावर इंग्रजीत आकडा लिहून दिला असता. इतके औंस. त्याने तेवढं घातलं असतं. तुम्हाला लिहून दिलं नाही. तुमच्याशी बोलता येतं ना, मग लिहायचं कशाला.

राणोजी : त्याला काल शब्द कळलाच नसता. त्याने टॅक्सी थांबवली असती.

रत्नाकर : आणि पुण्याचा कुणी असता तर त्याला दुसरा अर्थ सुचला नसता.

राणोजी : हें मलाच सुचायचें होतें. दोन्हीं भाषा येणारा मीच एक.

रत्नाकर : उद्या त्या इन्स्पेक्टरला काय सांगू मी हे? त्याला मराठी येत नाही. तो म्हणेल, मालक आणि मेस्त्री एका जातीचे, बसून गोष्ट रचली.

राणोजी : मेस्त्रीने चूक केली म्हणा. तें त्याला कळेल. खोटेंही नाहीं.

रत्नाकर : माप तोंडी सांगितलं मी. वीस तारखेला इथे नव्हतो मी. आल्यावर एक पत्रा तपासला नाही मी. मी काय सांगायचं ते बघतो. शेड तर बंद होणारच.

राणोजी : झाली तर होऊं दे. शेड बंद झाली म्हणून तो उठून चालणार आहे थोडाच.

(सरोजा दारात येऊन उभी. हातात रिकामा डबा.)

सरोजा : अप्पा.

राणोजी : सरोजा? तूं इथें कशी? त्याच्याजवळ कोण आहे?

सरोजा : अत्तै आहेत. सासू बसल्या म्हणून मी आलें. पार्क स्टेशनांत गाडी मिळाली, गिंडीला उतरलें. घरीं गेलें तर तुम्हीं नाहीं. आदित्यवारीं पण शेडींत? नमस्कारम्, सार.

रत्नाकर : बसा, बसा. हे स्टूल घ्या. गुरुमूर्ती कसे आहेत?

सरोजा : आहेत, सार. अप्पा, सोळा दिवस झाले. तुम्हीं एकदांही हॉस्पिटलांत आला नाहींत. रोज दाराकडे बघतांत ते. मी किती दिवस सांगूं, अप्पाला ज्वर आहे म्हणून?

राणोजी : येईन.

सरोजा : काल पण येईन म्हणालांत.

रत्नाकर : डॉक्टर काय म्हणाले?

सरोजा : मोठे डॉक्टर आज बघून गेले. सांगितलें, काल नाहीं. दोन्हीं काल नाहीं.

रत्नाकर : काल नाही? काल नाही म्हणजे काय?

सरोजा : पाय, सार. सॉरी. डॉक्टर तमिळांत बोलले, म्हणून तोंडांत तसेंच आलें. पायाला काल म्हणतात. कमरेच्या खालीं आतां कांहीं येणार नाहीं, म्हणाले. पाठीची नस गेली.

रत्नाकर : पायालाही तोच शब्द.

सरोजा : कसल्या शब्दाचें बोलतां, सार?

राणोजी : त्याला सांगितलें का, पायाचें?

सरोजा : त्यांच्यासमोरच बोलले डॉक्टर. त्यांनीं सगळें ऐकलें. मग मला विचारलें, तो पत्रा कोणाचा होता, तें साराला विचारलेंस का. सोळा दिवस तेंच एक चाललें आहे. ते म्हणतांत, तो मामांच्या, म्हणजे अप्पांच्या, हाताचा नव्हे. मामांचा पत्रा मला पायाखालीं कळतो. घाईंत बाहेरून कुठून आणला असेल, आणि मला सांगितलें नाहीं. म्हणून मी आलें, सार. खरें काय तें सांगा. बाहेरचा होता ना?

रत्नाकर : सरोजाबाई, ते...

राणोजी : तुम्हीं थांबा, साहेब. माझी मुलगी आहे. सरोजा, तो पत्रा माझा होता.

सरोजा : अप्पा, तुमच्या शेडींतला म्हणतां.

राणोजी : माझ्या हाताचा. ही तारीख बघ. हें अक्षर कोणाचें?

सरोजा : तुमचें.

राणोजी : साहेबांनीं सांगितलें, काल इतकेंच घाला. आदल्या दिवसाइतकें. मीं काल ऐकलें. पाव. पाव घातलें. आतां थोड्या वेळापूर्वीं आम्हां दोघांना कळलें. पण पत्रा कच्चा निघाला, हें मला परवांच कळलें होतें, बाकीचे उतरवतांना. आणि त्याच्याआधीं पण, खरें सांगूं, भीति होतीच. म्हणून आलों नाहीं हॉस्पिटलांत. ज्वर नव्हता मला.

सरोजा : एका शब्दासाठीं?

राणोजी : हो.

सरोजा : घरीं आपण हसायचों ना, अप्पा. अम्मा म्हणे, काल काल दुखला. काल पाय दुखला म्हणायला. मी लहान असतांना कितीदां म्हणायला लावायची.

राणोजी : नको आठवूं.

रत्नाकर : चूक माझी आहे, सरोजाबाई. मी लिहून द्यायला हवं होतं.

सरोजा : सार, आतां कोणाची म्हणून मी काय करूं? अप्पा, मला तुमचा राग आला आहे. किती, तें अजून मलाच कळत नाहीं. पण पुढच्या महिन्यांत त्यांना घरीं आणायचें आहे. उचलायला दोघें लागतील, एकटीला होणार नाहीं. तुम्हीं लागणार. म्हणून राग बाजूला ठेवतें. मग बघूं.

राणोजी : आज येतों. येऊन त्याच्यासमोर सांगतों.

सरोजा : वेंडाम.

राणोजी : कां?

सरोजा : सांगूं नका. त्यांचे पाय गेले, काम गेलें. सोळा दिवस ते एकच गोष्ट धरून पडलेले आहेत, कीं मामांचा पत्रा असता तर मी पडलों नसतों. तेंही काढून घेतलेंत तर ते भिंतीकडे तोंड करतील. आतां निदान दाराकडे बघतांत.

राणोजी : मग मीं काय सांगूं?

सरोजा : बाहेरचा होता म्हणा.

राणोजी : त्याच्या उशाशीं बसून खोटें बोलूं?

सरोजा : बोला.

राणोजी : आणि तो माझी स्तुति करील. मामा, तुमचा असता तर, म्हणून. रोज करील. तें मीं ऐकत बसूं?

सरोजा : ऐका. मी नाहीं का ऐकत होतें? आजपासून मलाही माहीत असून ऐकायचें आहे.

रत्नाकर : माझ्या नावावर टाका. साहेबाने हलका माल आणला, असं सांगा त्यांना. उद्या इन्स्पेक्टरला मी खरं सांगेन, आमचाच पत्रा, माझीच सूचना. पण गुरुमूर्तींना हे सांगा.

सरोजा : तुम्हांला शिव्या देतील ते, सार.

रत्नाकर : देऊ देत.

राणोजी : तुम्हांला देतील, मला नाहीं. हेंच सोसणार नाहीं मला.

सरोजा : सोसायला पाहिजे, अप्पा. उठा. चारला भेटायला सोडतात. साडेतीनची गाडी मिळेल. तोंड धुवा, हातांना वास येतो आहे. त्यांना तो वास लगेच कळतो.

राणोजी : साबणाने जात नाहीं तो.

रत्नाकर : ॲसिटोन घ्या. तिथे बाटली आहे.

राणोजी : सरोजा, डबा रिकामा दिसतो. दुपारीं जेवला का तो?

सरोजा : थोडें. रसम-भात नेला होता.

राणोजी : किती जेवला?

सरोजा : काल इतकेंच.

राणोजी : कालच्याएवढें, कीं पाव?

सरोजा : दोन्हीं एकच, अप्पा.